ईस्टरसाठीचे केस

डेल्फीनच्या उजव्या कानामागे चार मिलिमीटर रुंदीची एक गुळगुळीत जागा होती, तिथं केस उगवत नसत. ती सहा वर्षांची असताना, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, आईनं पहिल्यांदा तिच्या डोक्याला कुरळे केस सरळ करायचं पांढरं मलम लावलं आणि ते त्या जागी दोन मिनिटं जास्त राहिलं, एवढाच त्या जागेचा इतिहास. मेकन शहरातल्या त्यांच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत अशी खूण नसलेली बाई शोधावी लागली असती.

आज पुन्हा तसाच शनिवार होता. घराच्या पुढच्या खोलीत तिची आई अर्नेस्टीन एकतीस वर्षं पार्लर चालवत होती. तिथल्या खुर्चीवर दोन उशा रचून डेल्फीनच्या भावाची मुलगी, सहा वर्षांची नायला, बसली होती. उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिला चार ओळी म्हणायच्या होत्या, आणि त्या ओळी मुलीनं सरळ केसांनीच म्हणायच्या, हा घरचा नेम होता.

"काल डोकं खाजवलंस का गं?" अर्नेस्टीननं हातमोजे चढवत विचारलं. "खाजवलेल्या जागी झोंबतं हं."

"नाही आजी… म्हणजे थोडंसं. झोपेत."

"तुझी आत्या तर अशी किंचाळायची, की समोर राहणाऱ्या, चर्चच्या डीकनबाईंना वाटायचं मी डुक्कर कापतेय."

नायला खुदखुदली. डेल्फीन मलमाचा डबा हातात धरून उभी होती. नेहमीप्रमाणे झाकण उघडून तिनंच तो आईला द्यायचा होता.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला गर्भाशयाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि सात वर्षं मुलाची वाट पाहत होती. गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय, पण गोळ्यांनी गाठ मागे हटते का ते तीन महिने पाहता येईल, असंही ते म्हणाले होते, आणि त्या एका वाक्याच्या आधारानं तिनं हे दिवस काढले होते. आईला तिनं काही कळू दिलं नव्हतं. मुलीला शाळेत कुणी हसू नये म्हणून ज्या हातांनी दर आठ आठवड्यांनी एवढ्या मायेनं तिचा भांग पाडला होता, त्या हातांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं…

अर्नेस्टीननं तिच्या हातून डबा घेतला, उघडला आणि कंगवा आत बुडवला. डेल्फीननं तिचं मनगट धरलं.

"ममा, तिला नको लावूस."

"मग उद्या काय गवताची गंजी घेऊन उभी राहू दे? लोक म्हणतील, केस करणारीच्या नातीचं डोकं बघा."

"नायला, जा बाळा, परसात खेळ जरा."

मुलगी हिरमुसून गेली. मग डेल्फीननं आजाराचं आणि गोळ्यांचं सांगितलं. आवाज चढवला नाही.

अर्नेस्टीननं कंगवा डब्यावर आडवा ठेवला. "आणि याचा या डब्याशी काय संबंध?"

"यातल्या काही द्रव्यांना शरीर स्वतःचंच हार्मोन समजतं, ममा. हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासलंय. ज्या वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करतात, त्यांच्यात हा कॅन्सर दुपटीहून जास्त दिसला. माझ्या बाबतीत हेच कारण, असं मात्र कुणीच छातीठोक सांगू शकत नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

"कारण ती सहा वर्षांची आहे."

अर्नेस्टीन खुर्चीच्या हातावर टेकली. "भाजतंय, भाजतंय म्हणायचीस तू," ती पुटपुटली, "आणि मी म्हणायचे, अजून थोडं सोस, भाजतंय म्हणजे लागू पडतंय…"

"तू प्रेमानंच करत होतीस."

"तेच तर." तिनं एक हातमोजा ओढून काढला, दुसरा तिला निघेना. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तीन महिने."

"आणि मला बोलली नाहीस? मी काय मेले होते?"

"तुझे हात थांबले असते, ममा."

"थांबायलाच हवे होते."

तिनं लेकीचं डोकं छातीशी ओढलं आणि त्या सरळ, मऊ केसांत तोंड खुपसून ती हुंदके देऊ लागली. बाहेर ओसरीवरून पुढच्या बाईनं हाक मारली, "अर्नेस्टीन, अगं माझा नंबर कधी? अजून उद्याच्या जेवणाचं हॅम भाजायचंय मला."

"पण गोळ्या चालू आहेत ना?" अर्नेस्टीननं डोळे पुसत विचारलं. "बाळ होईल ना तुला? देव एवढा निष्ठुर नाही गं."

गुरुवारी रिपोर्ट आला होता. गाठ मागे हटली नव्हती, गर्भाशयाच्या स्नायूत शिरली होती. डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी तिच्या होकाराची वाट पाहत होते, आणि तो 'हो' तिनं अजून नवऱ्यापाशीही उच्चारला नव्हता, आरशासमोर एकटीनंसुद्धा नाही.

आईच्या हाताला अडकलेला हातमोजा डेल्फीननं हळूहळू सोडवून काढला.

"नाही, ममा. सोमवारी मी फोन करणार आहे. गर्भाशय काढून टाका म्हणून सांगणार आहे."