जिताड्याचं माप

बाबांना आंधळं व्हायच्या आधी एकदा जिताडा बघायचा होता. बस, एवढ्यासाठी आमची ही मोहीम! जन्मभर शिलाई मशीनवर मान मोडून बसलेला हा माणूस सुट्टी मिळाली की खाडीवर गळ टाकायचा आणि बोटभर मासे घेऊन घरी यायचा. चंदेरी खवल्यांचा, तांबूस डोळ्यांचा, माणसाच्या तोंडाला फेस आणणारा जिताडा तेवढा कधी लागला नाही. आता काचबिंदूने नजर आक्रसत चालली होती. "किल्लीच्या भोकातून बघतोय असं वाटतं," बाबा म्हणायचे. तेही भोक बुजणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी बस चालवते. रजा टाकली आणि मामाकडे त्याची नाव मागितली. मामा वायरमन, पण जीव सगळा नावेत. नाव दिली ती दिली, वर स्वतःही आला, कारण माझ्या हातात इंजिन द्यायची त्याची छाती होईना.

"तू रस्त्यावरच लोकांना घाबरव," म्हणाला.

भरतीच्या पाण्यावर आम्ही आत शिरलो. खाडी अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्या मुळांना चिकटलेली धारदार कालवं, आणि वर राखाडी, ओलं आभाळ. कुठे पक्षी नाही, वारा नाही. मला ती जागा अजिबात आवडली नाही. मामाचं मात्र ठरलेलं होतं: ओहोटी लागली की बाजूच्या ओहोळांतून छोटे मासे खाली येतात आणि तोंडाशी जिताडा टपून बसतो. अशाच एका ओहोळापाशी त्याने इंजिन बंद केलं.

"दाजी, नाव त्या फांदीला बांधा. दोर चांगला सैल सोडा हं, पाणी उतरणार आहे!" मामा इंजिनात डोकं घालून म्हणाला.

बाबांनी चाचपडत दोर बांधला. पण शिंप्याचा हात तो! लोंबता धागा त्यांना कधी सहन झालाय? ओढून ओढून घट्ट केला, वर दुहेरी गाठ मारली. मी कोळंबी गळाला लावत होते. माझं लक्षच गेलं नाही.

पाणी उतरू लागलं. आम्ही वाट बघत बसलो. चिखलाचा कुबट वास सुटला. नावेचं नाक थोडं वर उचललंय असं मला वाटलं, तेवढ्यात बाबांच्या गळाची काठी वाकली!

"लागला!"

रीळ किंचाळलं. गळाचा तंगूस सरसर पाणी कापत गेला. आणि जिताडा उसळला! अख्खाच्या अख्खा, आमच्या समोर, डोकं झाडत!

"बघितलात? बाबा, बघितलात?"

बाबा भलत्याच बाजूला बघत होते.

पुढचं सगळं एका दमात झालं. आखूड दोरामुळे नाव फांदीला टांगली गेली होती. नाक वर, बूड खाली. मागून पाणी आत घुसलं. उभे असलेले बाबा घसरले आणि काठीसकट खाडीत!

पाणी छातीपर्यंतच होतं, पण खाली चिखलाचा रेंदा. पाय हलवले की आणखी खाली. बघता बघता पाणी गळ्याशी आलं. मामाने सुरीने दोर कापला, नाव धाडकन खाली आली. ती वाहून जाऊ नये म्हणून मामाने दोन्ही हातांनी मुळं धरली. कालवांनी तळवे फाटले, तरी सोडली नाहीत.

"ओढ पोरी! मला फार वेळ धरवणार नाही!"

मी कडेवर पालथी पडले. बाबा हाताच्या अंतरावर होते. पण त्यांचे हात रिकामे कुठे होते? तंगूस ओढत जवळ आणलेला, दमलेला जिताडा त्यांनी छातीशी कवटाळला होता.

"सोडा त्याला! दोन्ही हात द्या!"

"थांब गं. माप घेऊ दे."

"आग लागो त्या मापाला! मराल!"

पाणी हनुवटीला लागलं. बाबांची बोटं मात्र घाई न करता माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत वीत वीत सरकत गेली. मग पाठीवरून, पोटाखालून. गिऱ्हाइकाचं घेतात तसंच. ओठ हलत होते. शेवटी त्यांनी जबड्यातला गळ चाचपून काढला आणि हात मोकळे केले. मी मनगटं पकडली आणि जीव खाऊन ओढलं.

आम्ही परत फिरलो. मामाच्या हातांना मी माझी ओढणी फाडून बांधली होती. बाबा गारठून माझ्याशेजारी बसले होते.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"झाले काही दिवस."

"मग सांगितलं का नाही? कशाला आलात मरायला?"

"सांगितलं असतं तर तू आणलं असतंस?"

मला रडू आलं. त्यांना दिसणार नाही हे कळत असूनही मी तोंड फिरवून रडले.

मग बाबांनी माझा हात चाचपला.

"लांबी कळली, घेर कळला. डोळा तेवढा राहिला. कसा होता गं?"

खरं तर त्या गडबडीत मी डोळा पाहिलाच नव्हता.

"तांबूस," मी म्हणाले. "तुमच्याकडेच बघत होता, बाबा."