तुतीचं पान वाळेपर्यंत

माझ्या कामाला याआधी कुणी नावं ठेवली नव्हती असं नाही, पण झाडाची बाजू घेऊन माझ्याशी भांडायला कुणी आलं नव्हतं.

मावशीचं फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. पुढे काचा, लाकडी पट्ट्या आणि मावशी. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, माझं टेबल. मी हाताने शुभेच्छापत्रं बनवते. पानं, फुलं, पाखरं, सगळी कागदावर उठून आलेली, बोट फिरवलं की लागणारी. त्या दुपारी वीसेक कार्डं वाळत पसरली होती, बाहेर नुसती भुरभुर चालू होती, आणि मी प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून ब्लेडने पानांच्या डहाळीची स्टेन्सिल कापत होते.

"अगं, नगरपालिकेचे आलेत," मावशी पुढून म्हणाली. "मागचं झाड मोजायचंय म्हणे."

मावशीच्या मागून तो आत आला. खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टीची टेप, कानामागे पेन्सिल, केसांवर बारीक बारीक थेंब. माझ्या टेबलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून मागच्या दाराने अंगणात गेला. तुतीच्या बुंध्याभोवती टेप गुंडाळली, वहीत लिहिलं, बुंध्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा घातला. काम झालं होतं, निमूट जायला काय हरकत होती? पण नाही. माझ्या टेबलापाशी थांबला.

"हे पान कुठल्या झाडाचं?"

"तुम्ही आत्ता मोजून आलात त्याचं."

"तुतीचं?" तो वाकला. "तुतीची पानं फांदीवर एकाआड एक येतात. तुम्ही खाली समोरासमोर बसवलीत आणि वर एकाआड एक. झाडाला काहीतरी एक ठरवावं लागतं हो."

"कार्ड घेणाऱ्याला झाड लावायचं नसतं," मी म्हटलं. "त्याच्याकडे कुणाचा तरी वाढदिवस असतो."

तो हसला. घाईने नाही—आधी डोळ्यांत, मग जरा वेळाने ओठांवर. "तेही खरंच," म्हणाला आणि गेला. मला इतका राग आला की ती स्टेन्सिल मी कात्रणांच्या टोपलीत टाकली. मग अंगणात गेले आणि तुतीची एक फांदी खाली ओढून पाहिली. एकाआड एकच होती मेली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. वहीत दाबून ठेवलेली तीन पानं टेबलावर मांडली. एक साधं, एकाला एका बाजूने खाच, एकाला दोन्हीकडून.

"तिन्ही तुतीचीच. एकाच झाडावर असतात."

"म्हणजे झाडाला एक काहीतरी ठरवावं लागतं म्हणत होतात ते?"

त्याचे कान लाल झाले. "ते... फांदीपुरतं म्हणालो होतो," तो म्हणाला. मला त्याच क्षणी तो आवडला. उगाच आडवळणाने कशाला सांगू?

मग तो येतच राहिला. कधी पान आणायचा, कधी शेंग, कधी गवताचा तुरा. मी त्यावरून स्टेन्सिल कापायचे. शहरातली सगळी झाडं मोजायचं काम होतं त्याच्याकडे, आणि आमच्या गल्लीत झाडं किती, तर सात. मावशी एक दिवस काच पुसता पुसता म्हणाली, "मोजणीसाहेब, आमची तुती तुम्ही या आठवड्यात तिसऱ्यांदा मोजताय."

"वाढीचं वय आहे तिचं, मावशी."

"तिचं होय?" मावशी म्हणाली आणि काच आणखी जोरात पुसायला लागली.

त्याला कार्ड करायला मीच शिकवलं. कागदावर स्टेन्सिल ठेवायची, कडा चिकटपट्टीने धरायच्या. एम्बॉसिंग पेस्ट म्हणजे पांढरी, घट्ट, लोण्यासारखी. ती चपट्या सुरीवर घ्यायची आणि एकाच हाताने, एकाच ओढीत वरून फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरायचा. मग स्टेन्सिल सरळ वर उचलायची... आणि खाली पान उमटलेलं असतं. त्या वेळी मी श्वास धरते. अजूनही धरते, हजारो पानं झाली तरी.

त्याने पहिलं पान तिरकं उचललं. एका बाजूने फरफटलं.

"हे कुठल्या झाडाचं?" मी विचारलं.

"वादळात सापडलेल्या," तो म्हणाला.

दुसऱ्या वेळी मी त्याच्या मनगटाखाली हात धरला. "सरळ... सरळ वर. घाई नाही." दोघांनी मिळून उचलली. पान नीट उमटलं होतं, बारीकसारीक शिरांसकट, पण बराच वेळ आमच्यापैकी कुणी पानाकडे पाहिलंच नाही. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, त्याची सावली कागदावर हलत होती. पुढे मावशी खिळे ठोकायची थांबली होती, त्यावरून ती ऐकते आहे हे मला कळत होतं.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

"आता चार तास हात लावायचा नाही."

"कशाला?"

"पानाला हो," मी म्हटलं, आणि हात काढून घेतला.

भिंतीवर मी स्वतःसाठी लिहिलेला कागदच होता: सुरी लगेच धुवा, स्टेन्सिल लगेच धुवा, पेस्ट वाळायला चार तास. तो कागद त्याने मन लावून वाचला. सरकारी कामाची सवय.

दिवस असे पांढऱ्या पेस्टच्या वासात, भुरभुर पावसात विरघळत होते. मला वाटायचं, शहरात झाडं पुष्कळ आहेत, संपायची नाहीत. पण एका मंगळवारी तो आला आणि वही पिशवीतून काढलीच नाही.

"शनिवारी मोजणी संपते," तो म्हणाला. "पुढचं शहर रेल्वेने दहा तासांवर आहे. त्यानंतर आणखी पुढचं."

मी सुरी पुसत राहिले.

"इथल्या बागेची रोपवाटिका आहे ना, ते मला कायमचं ये म्हणताहेत. रोपवाटिका सांभाळायला. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही सांगायचंय." तो थांबला. पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली. "तुम्हाला... काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते सगळं जिभेवर आलं होतं. दिवसभर टकळी चालू असते माझी. गिऱ्हाइकाला, मावशीला, टपालवाल्याला, कुणालाही उलट उत्तर द्यायला मागेपुढे बघत नाही. आणि तेव्हा काय म्हणाले मी?

"मला काय वाटायचंय? नोकरी तुमची."

तो मान डोलावून, "बरोबर आहे," म्हणून गेला. मावशी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. "अक्कल गहाण ठेवलीस का कुठे?" एवढंच म्हणाली. मला रडू आलं ते तिच्यासमोरच आलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. तो आला नाही. शुक्रवारी मला दीडशे कार्डांची ऑर्डर पोचवायला शेजारच्या गावी जावं लागलं. दिवसभर पाऊस लागून राहिला होता. संध्याकाळी बसमधून उतरले ती परस्पर घरी गेले. दुकानात जाऊन त्याची रिकामी जागा बघायची हिंमत नव्हती.

शनिवारी सकाळी दुकानात पाऊल टाकते तो मावशी म्हणाली, "काल आला होता. तुझ्या टेबलावर बसून कार्ड केलं त्याने, एकट्याने. मग इथे स्टुलावर बसून राहिला, घड्याळ लावून, बरोब्बर चार तास. दोनदा चहा दिला मी. मग आत काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं, माझ्या हातात दिलं आणि गेला."

"कुठे आहे ते?"

"नीट ठेवलंय गं. दुमडू नये म्हणून रात्रभर काचांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवलंय."

मी गठ्ठा बाजूला सारून पाकीट ओढून काढलं. मावशीची तरी काय चूक? तीस वर्षं ती कागद सरळ राहावा म्हणून काचेखाली दाबत आली आहे. पण काल हवा ओली होती. ओल्या हवेत पेस्ट वरून कोरडी लागते आणि आत ओलीच राहते. आठ तास लागतात, कधी दहा. हे मला माहीत आहे म्हणून मी भिंतीवर लिहिलं नव्हतं. दुसरं कुणी ते वाचून आपल्या जिवाभावाचं काम करायला बसेल हे मला कुठे ठाऊक होतं?

पाकीट उघडलं. बाहेरून कार्ड कोरंच होतं. कडेच्या फटीतून कळत होतं, लाजऱ्या माणसाने पानं आतल्या बाजूला काढली होती, मजकुराच्या भोवती, कडेकडेने. आणि त्या सगळ्या पानांनी कार्डाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून ठेवल्या होत्या. मी नखाने पाहिलं, सुरीच्या टोकाने पाहिलं. उजेडासमोर धरलं, पण कागद माझ्याच आवडीचा, जाडजूड. काही दिसेना.

"फाड की सरळ," मावशी म्हणाली.

"फाडलं तर पेस्टबरोबर कागदाचा पापुद्रा निघतो. अक्षरंही जातील."

"मग?" मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते. "निरोप असेल का गं त्यात?"

तेच माझ्याही मनात होतं. चांगली माणसं जाताना कार्ड देऊनच जातात, त्यावर तर माझं पोट चालतं. त्या बंद कार्डाकडे बघता बघता मला एक गोष्ट लख्ख कळली. आत काहीही असो, मला जे बोलायचं होतं ते मी अजून बोललेच नव्हते. मी कार्ड पदराखाली घेतलं आणि छत्री न घेताच निघाले.

हो की नाही सांगायला तो बारापर्यंत बागेतच येणार होता. बाग लांब नव्हती, पण त्या दिवशी वाट संपेना. तो रोपवाटिकेच्या फाटकापाशी होता. एका कोवळ्या झाडाभोवती टेप धरून वाकलेला. मला बघितलं आणि टेप तशीच हातातून सुटली.

"वाचलंत?"

"नाही. उघडत नाही."

त्याने कार्ड हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. चेहरा उतरला. "चार तास थांबलो होतो. मिनिट न् मिनिट."

"ओल्या हवेत आठ लागतात. ते मी लिहिलं नाही. चूक माझी आहे."

"दोन दिवस लागले हो मला ते लिहायला," तो म्हणाला. "आता तोंडाने... मला नाही जमायचं."

"नका सांगू. आधी माझं ऐका." धाप लागली होती, केस कपाळाला चिकटले होते, आणि फाटकावरचा माळी खुरपायचं सोडून आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं. "मंगळवारी तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, मला काय वाटायचंय. ते खोटं होतं. मला वाटतं तुम्ही जाऊ नये. नोकरी चांगली आहे म्हणून नाही, झाडं चांगली आहेत म्हणून नाही. तुम्ही आला नाहीत तर माझा दिवस सरत नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. आत निरोप लिहिला असेल तर असू दे... पण हे न ऐकता जाऊ नका."

पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवरून गालावर आला, तो त्याने पुसलाही नाही.

"निरोप नाहीये तो," शेवटी तो म्हणाला. "मी काल सकाळीच हो सांगून आलो इथे. मग तुझ्याकडे आलो." आपण मला ‘तू’ म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "लिहिलंय की मी थांबतोय. तू काही म्हणाली नाहीस म्हणून माझा राग नाही, आणि मी थांबतोय म्हणून तुझ्यावर काही ओझं नाही. रोज खिडकीवरून जाईन. तुला वाटलं तर हाक मार... नाही वाटलं तर नको मारूस. एवढंच."

म्हणजे मी काही बोलले नसते तरी हा माणूस उद्या, परवा, पुढच्या पावसात खिडकीबाहेरून गुपचूप जात राहिला असता. आणि मी आत बसून, तो माझ्यासाठी जातोय हे न कळता, कार्डं वाळत घातली असती.

"मग मी इतकं सगळं उगाच बोलले म्हणायचं," मी म्हटलं.

"उगाच?" तो हसला—आधी डोळ्यांत, आणि या वेळी डोळे भरलेले होते. "थांबायचं तेवढं माझ्या हातात होतं. बाकी तू काय म्हणशील, याची मी नुसती वाट बघणार होतो." त्याने कार्ड सांभाळून शर्टाच्या आत ठेवलं, ओले हात पँटला पुसले आणि माझा हात धरला. "परत एकदा म्हणशील? सगळं नको. ते आवडण्याचं तेवढं."

माळ्याने पाठ फिरवली. मी तेवढं परत म्हटलं, हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं.