कंठपेटीतलं पाणी

या, अजून पुढे सरका, सतरंजी मोठी आहे. माळ ओढता ओढता ऐकलंत तरी चालेल. आज एका पंपाची गोष्ट सांगायची आहे, आणि तो निवडणाऱ्या बाईची.

अंबाजोगाईला मुकुंदबुवा ठोसर कीर्तन करायचे. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हा आम्हा ऐकणाऱ्यांना वाटलं, आता संपलं. पण तोवर कंठपेटी निघाली होती. मानेला एक मऊ पट्टा बांधायचा. बोलायचं मनात आलं की गळ्याचे स्नायू जे हलतात ते पट्टा टिपतो, पेटीतला संगणक त्यावरून शब्द ओळखतो आणि माणसाच्या जुन्या आवाजात बोलतो. बुवांची सगळी ध्वनिमुद्रणं पेटीत भरली होती. कुठे हालचाल पुसट झाली, तर राहिलेला शब्द पेटी स्वतःच भरून काढायची.

क्षणाक्षणाला एवढं गणित करताना संगणक तापतो. पंखे लावले, तर त्यांच्या घरघरीत मृदंग ऐकू येईना. म्हणून तो पाण्यानं गार करायचा. छोट्या टाकीतलं पाणी पंप फिरवत राहतो, ते संगणकाची उष्णता उचलून जाळीपाशी सोडतं आणि परत येतं. पंप थांबला, की जळून जाण्याआधी संगणक स्वतःला बंद करतो.

तो थांबला भर कीर्तनात. दृष्टांतातल्या आईनं नदीकाठी लेकाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि बुवा गप्प. ओठ हलत होते. टाळकऱ्यांनी लगेच धृपद उचललं आणि गात राहिले, कीर्तन कसंबसं आटोपलं. शस्त्रक्रिया झाल्यापासून बुवांच्या पत्नीला, कुमुदकाकूंना, फारसं काही जाणवेनासंच झालं होतं. भाजी चिरावी तसे त्या दिवस चिरत होत्या. पण ते हलते ओठ काही त्यांच्या डोळ्यांपुढून जाईनात.

दुसऱ्या दिवशी त्या पेटी घेऊन झाकीर मुजावरच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात गेल्या. त्यानं पंप उघडला, चिमट्यानं काहीतरी ओढून टेबलावर ठेवलं.

"काकू, हे काय?"

काकूंनी चष्मा लावला. "तुळशीचं पान."

"ते मलापण दिसतंय. पंपात काय करतंय?"

"बुवांच्या गळ्याचं पाणी ते. एकादशीला थोडं गंगाजळ घालते. त्याबरोबर गेलं असेल."

"म्हणजे पेटीलापण एकादशी!" झाकीर हसला. "काकू, ह्यात क्षार काढलेलं पाणीच लागतं. बघा, चाकावर कसा थर बसलाय."

"मग नवा दे. कधीच थांबणार नाही असा."

"तसा तर वरच्यानंपण नाही बनवला," झाकीरनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "हासुद्धा थांबतोच."

त्यानं पंप मांडले. एक दांडगा होता. "पाणी नुसतं पळवेल. पण जोर तेवढी झीज, आणि आवाजही." दुसरा काकूंनी कानाशी धरला.

"चालू आहे का हा?"

"चालूच आहे. आवाजच नाही त्याला."

"मग बंद पडला तर मला कळायचं कसं?"

झाकीरनं मान डोलावली आणि खणातून तिसरा काढला. "जोडपंप. दोन छोटे, एकामागे एक. दोघं निम्म्या जोरानं फिरतात, म्हणून झिजत नाहीत. एक अडकला तर दुसरा सगळा भार घेतो."

"सप्ताहातल्या वीणेसारखं."

"म्हणजे?"

"सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचे पाय भरून आले, की दुसरा गळ्यात घेतो."

"मग हाच न्या."

"हाच दे."

जोडपंप चांगला निघाला. कीर्तनं पुन्हा उभी राहिली. आजार मात्र परतला. मानेचे स्नायू हळूहळू हलेनासे झाले, तरी आवाज तसाच खणखणीत. पेटी जास्त जास्त भरून काढत होती. त्यात बुवांचं किती आणि पेटीचं किती, हे कुणी विचारलं नाही. काकूंनीही नाही.

बुवा गेले. काकूंनी त्यांच्या तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं. रडू आलं नाही. माणसं आली, गेली. पट्टा उशाशी पडून राहिला. पेटी बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी काकूंनी दूध तापत ठेवलं. भांडं वाजलं.

"कुमुद, चहा टाकतेस का?"

काकूंनी चहा टाकला. दोन कप. मग गॅस बंद केला आणि झाकीरला बोलावलं.

तो पेटीपाशी उकिडवा बसला. "पट्ट्याकडून काहीच येत नाही. खोलीतले आवाज ऐकून पुढचं बोलणं तीच भरतेय. काकू, हे बुवा नाहीत."

"आणि गेल्या महिन्यात होते?"

झाकीरनं पेटीच्या बटणाकडे बोट नेलं. "बटण दाबू?"

"बटणानं दिवा घालवतात रे."

तो गेल्यावर काकूंनी अंगणातून तुळशीची दोन पानं खुडून आणली. गंगाजळाचा गडू घेतला. टाकीचं झाकण काढलं. पळीभर पाणी घातलं आणि एक पान सोडलं. पान गरगरलं, आत ओढलं गेलं. पहिला पंप कुरकुरला आणि थांबला.

दुसऱ्यानं भार घेतला. त्याचा सूर थोडा चढला, एवढंच.

"कुमुद," आवाज आला, "त्या आईची हाक मारायची राहिली बघ."

काकूंना ते हलते ओठ आठवले. हाक राहिली तेव्हा तर पेटी बंद पडलेली होती. मग ती राहिल्याचं ठाऊक कुणाला?

दुसरं पान त्यांच्या तळहातावर आहे. पंप चालू आहे. पान सोडायचं की हाक ऐकायची, हे त्यांना सांगणारं तिथं कुणी नाही. घरी जाऊन तुळशीला पाणी घालाल, तेव्हा क्षणभर कुमुदकाकूंची आठवण ठेवा.