उजवीकडच्या पट्ट्या

त्यांची पहिली भेट संडासाच्या दारात झाली. प्रेमात पडलेल्या माणसांना लोक हमखास विचारतात, कुठे भेटलात म्हणून. ती 'हॉस्पिटलात' एवढंच सांगायची आणि पुढचं गिळून टाकायची.

केमोच्या वॉर्डात ती पेशंट नव्हती, नर्सही नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी, हातात निळ्या झाकणाचा रिकामा कॅन. तो मात्र पेशंट होता. एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राने झाकलेलं भांडं धरून तो बाहेर आला, आणि दोघं दारातच अडकली.

"तुम्ही आधी," ती म्हणाली.

"मी जाऊन आलोय. दिसतंय की."

तिने हसू दाबलं. "मग ते मला द्या."

"काय?"

"भांडं."

त्याने भांडं जवळ ओढलं. "मुलींनी आजवर माझ्याकडे बरंच काही मागितलं... पण हे पहिल्यांदाच."

मग तिला सगळं सांगावं लागलं. त्याच्या शिरेत थेंब थेंब उतरत होतं त्या औषधात प्लॅटिनम असतं. त्यातलं बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं आणि गटारात जातं. ते तिला गटाराच्या आधी पकडायचं होतं. तिच्याकडे एक पांढरी पावडर होती, टायटॅनियम ऑक्साइडची, भिंतीच्या रंगात घालतात तीच. नुसती पावडर काही धरत नाही. म्हणून तिच्या कणाकणावर ती एक सेंद्रिय रेणू चिकटवायची. त्याचं एक टोक कणाला घट्ट बसायचं, दुसऱ्या टोकाला गंधक असायचं, आणि गंधक दिसलं की प्लॅटिनम त्याला जाऊन बिलगतं. निदान शुद्ध पाण्यात तरी बिलगत होतं. लघवीत मात्र क्षारांची एवढी गर्दी, की पावडर भलत्यालाच धरून बसायची.

"म्हणजे तुम्ही पावडरीला बोटं लावता," तो म्हणाला.

"असं म्हणा हवं तर."

"आमचंही पोट बोटांवरच." तो पियानो ट्यूनर होता. शाळा, सभागृहं, हॉटेलं, जिथे म्हणून पियानो बेसूर होई तिथे याला बोलावणं. वॉर्डात त्याला सगळे पियानोवाला म्हणत. त्याने तिचं नाव त्याच दिवशी प्लॅटिनमबाई ठेवलं.

दुसऱ्या केमोला 'तुम्ही'चं 'तू' झालं. कॅन भरून झाला तरी ती निघायची नाही. त्याच्या कॉटशेजारी स्टुलावर बसायची, आणि तो डोळे मिटून तिला वॉर्ड ऐकवायचा. ट्रॉलीचं कुठलं चाक कुरकुरतंय, सिस्टरच्या बांगड्यांपैकी कुठली चिरलेली आहे... एकदा तसेच डोळे मिटून तो म्हणाला, "तू 'स' म्हणतेस ना, तेव्हा शेवटी एक बारीक शिट्टी वाजते."

"पुढच्या दातात फट आहे. लहानपणी सगळे चिडवायचे."

"गाढव होते." डोळे अजून मिटलेलेच. "परत म्हण."

"काय म्हणू?"

"काहीही. साखर... सायकल... सासूबाई."

ती लाजून उठली, आणि कॅन तिथेच विसरून गेली.

केस गेले, भुवया गेल्या, तरी त्याची थट्टा गेली नाही. त्याच्या उलटीचं पातेलं धरणारी त्याची ताई एकदा तिला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, तू येणार म्हटलं की हा सकाळपासून टोपी सरळ करत बसतो. ती त्या दिवशी प्रयोगशाळेत गुणगुणत गेली. पावडर अजून फसत होतीच. पण तिने आणखी लांब रेणू घ्यायचं ठरवलं होतं, आणि तिला उगाचच वाटत होतं, की आता सगळंच जमणार.

चौथ्या केमोच्या दिवशी त्याने विचारलं, "दात दुरुस्त करून घेतलास?"

"नाही. का?"

"शिट्टी वाजत नाही."

थोड्या वेळाने त्याच्या काखेतला थर्मामीटर टिकटिकला. एरवी तो पहिल्याच टिकटिकीला काढून सिस्टरला द्यायचा. आज तो तिच्याशी बोलतच राहिला. थर्मामीटर पुन्हा वाजला. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. त्याने नाही.

तिने वाचलेलं होतं सगळं. हे औषध कानात शिरलं की तिथून निघत नाही. आधी सगळ्यात बारीक, सगळ्यात उंच आवाज जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. डॉक्टरांनी त्यालाही सुरुवातीला सांगितलं होतं. पण जिवाची भीती समोर उभी असताना कानाचं कोण मनावर घेतं?

"वाजला तो," ती हळूच म्हणाली.

त्याने थर्मामीटर काढून हातात धरला. कानाशी नेऊन पाहिला. मग म्हणाला, "हो का."

कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी पुढची औषधं बदलून चालतील का, यावर बराच विचार केला आणि नाही म्हणाले. दुसरं औषध एवढं खात्रीचं नव्हतं. अजून दोन केमो बाकी होते, आणि आता थांबणं म्हणजे आग विझत आलेली असताना निखारे घरात ठेवून झोपणं. तो शांतपणे म्हणाला, मी थांबतो. ताई रडली, भांडली, बोलेनाशी झाली. शेवटी ती हिच्याकडे आली. त्याच्याशी बोल, म्हणाली. तुझं ऐकेल.

ऐकेल हे हिलाही ठाऊक होतं. त्याचीच भीती होती.

तो घराच्या गॅलरीत बसला होता. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याने विचारलं, "पडतोय का? दिसतोय, पण ऐकू येत नाही."

"पडतोय."

"मला दुसरं काही येत नाही गं. मी दुसरा कुणी नाहीच. ते गेल्यावर जो उरेल, त्याला तूही ओळखायची नाहीस."

"मी ओळखेन."

"आणि मी?"

तिने त्याचा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. हात गार होता, बोटांची टोकं बधिर झालेली.

"माझ्यासाठी घे," ती म्हणाली.

"हे वाक्य वापरू नकोस."

"वापरते आहे."

त्याने पावसाकडे बघतच होकाराची मान हलवली.

त्याने दोन्ही केमो घेतले. त्याच महिन्यात तिची पावडर लागू पडली. लांब रेणूने क्षारांना दाद दिली नाही. वॉर्डातून आणलेल्या कॅनमधलं जवळजवळ सगळं प्लॅटिनम पावडरीने धरून ठेवलं. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. तिने धावत जाऊन त्याला सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं.

"छान," तो म्हणाला. मग हसत, "कानात घालता येत नाही का तुझी पावडर?"

तो हसत होता म्हणून तीही हसली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

गाठ गेली. तपासण्या स्वच्छ आल्या. ताईने देवापुढे हात जोडले. जिवावरचं कानावर निभावलं, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. तो ऐकून घ्यायचा.

केस परत आल्यावर तो एका शाळेच्या सभागृहातल्या पियानोपाशी गेला. तिलाही सोबत नेलं. डावीकडून एकेक पट्टी दाबत तो उजवीकडे, उंच सुरांकडे सरकू लागला. मधल्यापर्यंत त्याचा चेहरा जुनाच होता, कान टवकारलेला, ओठ किंचित उघडे. मग तो चेहरा हळूहळू पुसत गेला. शेवटच्या पट्ट्यांपाशी तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला. तिला स्वच्छ सूर ऐकू येत होते.

"नुसतं लाकूड वाजतंय," तो म्हणाला.

सूर दाखवणारी यंत्रं मिळतात, असं ती म्हणाली. म्हणताक्षणीच तिला कळलं, की हे बोलायला नको होतं. त्याने झाकण अलगद लावलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

ताईच्या नवऱ्याचं दुसऱ्या गावी नळ-पाइपांचं दुकान होतं. पियानोवाला तिथे कामाला जायला निघाला. ती त्याला बसथांब्यावर सोडायला गेली. बस लागलेली होती. त्याच्या डाव्या कानाला जरा बरं ऐकू येई, म्हणून ती त्या बाजूला उभी राहिली.

"माझा राग येतो?" तिने विचारलं.

"तो आला असता तर सोपं होतं." त्याने पिशवी खाली ठेवली. "तू समोर आलीस की मला जगावंसं वाटतं. आणि लगेच आठवतं, कशाच्या बदल्यात. दोन्ही एकदम. रोज नाही जमायचं मला ते."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही." त्याने हे इतक्या साधेपणाने म्हटलं, की तिला आधी कळलंच नाही.

"मला तू हवा होतास, म्हणून म्हणाले तसं," ती म्हणाली. "पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच म्हणेन."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच जातोय."

त्याने तिचा हात घट्ट धरला. कंडक्टरने हाक मारली तेव्हा सोडला नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा सोडला.

बस गेल्यावरही ती तिथेच उभी होती. दुसरी बस येऊन लागली, माणसं चढू लागली. कुणीतरी म्हणालं, ताई, जरा बाजूला व्हा. ती बाजूला झाली.