वाकडं प्यादं

मी संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करते. भुताखेतांच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. वस्तू धुवायची, मोजायची, जपून ठेवायची, एवढंच मला कळतं.

शेकडो वर्षांपूर्वी बुडालेल्या एका जहाजातून बुद्धिबळाचं एक प्यादं आमच्याकडे आलं. हाडाचं, अंगठा टेकून टेकून एका बाजूने झिजलेलं. अस्सल वस्तू लोकांच्या हातात देत नाहीत, म्हणून मी साचा करून त्याची प्लास्टिकची नक्कल काढली. पहिली जरा वाकडी झाली. फेकवेना, म्हणून घरी आणली.

पक्षाघातानंतर बाबांची उजवी मूठ मिटली ती मिटलीच. वाचाही गेली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला, एवढा बडबड्या माणूस! हातात काहीतरी धरायला देत जा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"त्याने काय होणार आहे?" मी चिडूनच विचारलं.

"बुडत्याला काडीचा आधार," आई म्हणाली. "दे तर खरं. तुझं काय जातंय?"

मी प्यादं त्यांच्या मुठीत सरकवलं. अंगठा नेमका झिजलेल्या जागी बसला.

थोड्या वेळाने आईने हाक मारली. बाबांच्या मुठीतून पाणी गळत होतं.

"घाम असेल," मी म्हटलं. बोट जिभेला लावलं. खारट. पण घामही खारटच असतो की! फक्त एवढ्या घामाने चादर पिळण्याइतकी भिजत नाही. आणि खोलीत शेवाळाचा वास येत होता. माझ्या प्लास्टिकने समुद्र पाहिलेलाच नव्हता. बाबा तर कधी तिकडे फिरकलेही नव्हते.

मी प्यादं काढून घ्यायला गेले. बाबांनी हात मागे ओढला.

उजवा हात.

"अगं बाई!" आई त्यांच्या उशाशी धावली.

बाबांचे ओठ हलले.

"किनारा दिसतोय."

आई एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मलाही हुंदका आवरेना. काय बोलले याच्याशी आम्हाला काय करायचंय? बोलले ना!

"बाबा, मला ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं, वेंधळे?" ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "आधी दार उघड. मागे बरेच जण आहेत. दमलेत बिचारे."

मी उठून दार सताड उघडलं. जिन्यात कुणीच नव्हतं.

तरीही मी बाजूला सरकले आणि वाट दिली.