मान्य केलेलं उत्तर

नागपुरात मे महिन्यात चांगली नोकरी म्हणजे थंड खोलीतली नोकरी, आणि १९८२ साली ती आमच्याकडे होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कॉम्प्युटर बसवला होता. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून त्याला एसी. माणसांना सोसतो असं सरकारचं मत, पण यंत्रासोबत आम्हीही फुकटात गार व्हायचो.

माझं काम पार्सरचं. गावोगावच्या कुटुंबपत्रिका यायच्या. एका ओळीत सगळं घर कोंबलेलं, बायको, पोरं, म्हातारी माणसं. ती ओळ फोडून कोण कोणाचं कोण ते वेगळं छापणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. त्यात आज एक दुरुस्ती केली की काल बरोबर चालणारं काहीतरी हमखास बिघडायचं. म्हणून आम्ही चाचणीचा गठ्ठा ठेवला होता. भोकं पाडून पंच केलेल्या एका कार्डावर एक घर, आणि प्रत्येक घराचं बरोबर उत्तर यंत्रात साठवलेलं. दुरुस्ती झाली की पूर्ण गठ्ठा पुन्हा चालवायचा. उत्तर जुन्याशी जुळलं नाही की त्या घरापुढे तारा छापून यायचा. मग एक तर प्रोग्राम नीट करायचा, नाही तर नवं उत्तरच बरोबर धरून कागदावर सही ठोकायची, की यंत्रातही तेच साठवलं जायचं. त्याला आम्ही ‘मान्य करणे’ म्हणायचो. आळशी लोकांची सोय, दुसरं काय! मीही त्यातलाच.

चाचणीसाठी खरं तर खोटी घरं बनवायला हवी होती. पण कोण डोकं खाजवत बसणार? आम्ही आपापलीच घरं घातली. माझ्या कार्डावर मी, माझी बायको जिजाबाई आणि आमची सहा वर्षांची देवकी.

मशीन चालवणारे चंपतराव मूळचे पारशिवनीचे. एका सोमवारी त्यांच्या घरापुढे तारा आला. उत्तरातून त्यांचे वडील रामाजी गळले होते. मला चहाला जायचं होतं. पुढे बघू म्हणून मी मान्य करून टाकलं.

आठवड्याने सहज विचारलं, “रामाजीबाबांचा गुडघा कसा आहे?”

“कोण रामाजी?”

“तुमचे वडील. आणखी कोण?”

चंपतराव हसले. “काय बाप्पा, ऊन लागलं का तुमाले? माझा बाप तर मी पाळण्यात असतानाच गेला. मायनंच वाढवलं ना मले.”

त्याच म्हाताऱ्याने जानेवारीत स्वतःच्या हाताने मला हुरडा भाजून खाऊ घातला होता. मी कार्ड काढून पाहिलं. नाव होतं. चंपतरावांना दाखवलं, तर “पंचिंगची चूक असंल” म्हणून त्यांनी ते परत ठेवलं. मी गुपचूप प्रोग्राम नीट केला, जुनं उत्तर परत यंत्रात घातलं. रामाजी कागदावर परत आले, चंपतरावांना मात्र आठवले नाहीत. रविवारी पारशिवनीला त्यांच्या घरी जाऊन आलो. ओसरीत म्हाताऱ्याची बाज असायची तिथे तुरीच्या पोत्यांची थप्पी होती, आणि पोत्यांवर चांगली वर्षभराची धूळ.

मी देवाधर्माचा माणूस नाही. डोक्यात ऊन गेलं असेल, असं मीही स्वतःला समजावलं. पण त्यानंतर एकही उत्तर मान्य केलं नाही. आपल्या घरांची कार्डं काढून टाकू म्हटलं, तर आमचे मुख्य मनोहरराव म्हणाले, “गठ्ठा वाढवायचा असते गा, कमी नाही करायचा.” आणि खरं सांगू, काढायची मलाच भीती वाटली. कार्डच गेलं तर त्या घराचं काय?

जूनच्या पहिल्या शुक्रवारी चार वाजता मुंबईचे साहेब येणार होते. त्यांना एकही तारा नसलेला कागद दाखवायचा होता. दोन वाजता गठ्ठा चालवला. एकशे चाळीस घरं. एकच तारा.

माझ्या घरापुढे.

विश्वनाथ, पत्नी जिजाबाई. बस्स. देवकी नव्हती.

मनोहरराव मागून डोकावले. “एकच तर आहे विश्वनाथ. मान्य करून टाक.”

“नाही.”

“काहून?”

“दुरुस्त करतो.”

“साडेतीनपर्यंत कर. मंग मीच सही करून टाकीन.”

चुकीचा नियम शोधला, बदलला, गठ्ठा पुन्हा चालवला. देवकी आली. आता तारा प्रेमिलाताईंच्या घरापुढे होता. प्रेमिलाताई आमच्याकडे कार्डं पंच करायच्या. नवरा वारलेला, घरात त्या आणि त्यांची सात वर्षांची सत्यवती. कागदावर त्या एकट्याच होत्या.

नियम मागे घेतला. सत्यवती आली, देवकी गेली. वेगळ्या वाटेने करून पाहिलं. पुन्हा देवकी गेली. एकीला आत घेतलं की दुसरी बाहेर. त्या गार खोलीत माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

काचेपलीकडून प्रेमिलाताईंनी मान वर केली. “चहा सांगू का विश्वनाथभाऊ? चेहरा कसा करून राहिले!”

नको म्हटलं. त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय होतो, कप्पाळ?

साडेतीनला मनोहरराव पेन घेऊन आले. यंत्रात त्या वेळी देवकी नसलेला प्रोग्राम होता.

“दोन मिनिटं!” मी ओरडलोच.

पहिली दुरुस्ती परत घातली. गठ्ठा चालवला. तारा प्रेमिलाताईंवर गेला.

मनोहररावांनी पेन उघडलं. ते मी त्यांच्या हातातून घेतलं.

सही मी केली. हात थरथरलासुद्धा नाही, आणि तेच मला आजपर्यंत सहन होत नाही.

साहेब आले, खूश होऊन गेले. मी स्कूटर कशी हाणत प्रताप नगरला घरी पोचलो ते माझं मला माहीत. देवकी फाटकाला लोंबकळत होती. तिला असं आवळलं की ती रडायलाच लागली. बायको “अहो, झालं तरी काय?” विचारत राहिली.

शनिवारी अर्धा दिवस होता. प्रेमिलाताईंकडे बघायची माझी छाती होईना. त्या नेहमीसारख्याच होत्या, उलट जरा टवटवीत. रात्री कशी गाढ झोप लागली ते चंपतरावांना सांगत होत्या. निघताना माझ्या टेबलाशी आल्या आणि पिशवीतून एक पिवळा फ्रॉक काढला.

“माझ्या घरी खुंटीवर होता भाऊ. शेजारच्या साऱ्या जणींले विचारलं, कोणाचाच नाही. नवाच दिसते. तुमच्या देवकीले होऊन जाईल.”

“नको, ताई.”

“ठेवा ना. माझ्या घरी कोण घालून राहिलं?”

मी घेतला. वाटेत दोनदा स्कूटर थांबवली, पण टाकवेना. बायकोने लगेच देवकीला घालून पाहिला. बरोबर बसला. देवकीने फ्रॉकच्या खिशात हात घातला, काहीतरी बाहेर काढलं आणि मूठ उघडून मला दाखवली. चोखलेला चिंचोका होता, अजून ओला.