कुलूपकाकांचं खातं

सूनबाई, दिवा जरा इकडे सरकव आणि बस. एकदा मी नवस बोलले होते, त्याची गोष्ट सांगते. ह्यांच्यावरचा आळ टळू दे, वर्षभर गोड तोंडात घालणार नाही, असं देवाला म्हटलं होतं.

ह्यांचं काम तुला ठाऊक आहे. कंपनीचा सगळा कारभार ज्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर चालतो, ते बंदोबस्तात ठेवायचे. चोरून आत शिरायच्या वाटा बुजवायच्या, पासवर्ड बदलायचे, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती पुसायची. हे सारं ह्यांना शिकवलं कुलूपकाकांनी. चहाला उठले तरी खणाला कुलूप घालणारा माणूस, म्हणून ऑफिसने ते नाव पाडलेलं. काका वारले. त्यांचं खातंही पुसायला हवं होतं, पण ह्यांचा हात होईना. राहू दिलं.

मग त्याच खात्यातून कुणीतरी आत शिरू लागलं. पासवर्ड फक्त ह्यांना ठाऊक. मालक गोड बोलले, पण ऑफिसची जोडून आलेली सुट्टी संपेपर्यंत छडा लागला नाही तर पोलिसांत जावं लागेल, असंही जाता जाता म्हणाले. हे जेवायच्या ताटावर नुसते बसून राहिले. आणि खोटं कशाला सांगू, मलाही वाटून गेलं... हेच तर नसतील? हे फोन हातात घेत, तेव्हा मी बोटांकडे बघत राहायची. तो नवस बोलले ते तेव्हाच.

सुट्टीच्या दुपारी हे मला सोबत घेऊन गेले. साक्षीला, म्हणाले. मी गेले ती पाळत ठेवायला.

खोली बिनखिडकीची, थंडगार. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. ह्यांनी बाहेरून येणारी तार काढून ठेवली. आता यायचंच झालं तर समोरच्या या कीबोर्डवरूनच येता येईल, असं मला समजावलं. फोनवर चित्रण सुरू करून तो पडद्यासमोर टेकवून ठेवला, दार आतून लावलं. मी ह्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन बसले. प्रेमाने नव्हे.

बराच वेळ काही नाही. मग घरघर हळूहळू खाली आली, कुणी कान देऊन ऐकत असल्यासारखी... आणि पडद्यावर काकांचं नाव उमटलं. कीबोर्डला कुणी शिवलं नव्हतं. तरी अक्षरं येत होती, एकेक, म्हातारं बोट शोधून शोधून दाबतं तशी.

"काय करतंय ते?" मी विचारलं.

"वाटा बुजवतंय..." हे पडदा वाचत म्हणाले. "माझ्याकडून राहिलेल्या. काका असंच करायचे. आधी मागच्या, मग पुढच्या..."

ह्यांचे घामेजलेले हात माझ्या मुठीतच होते. म्हणजे हे निर्दोष होते गं. मला आनंदाने रडू फुटलं, आणि त्याच क्षणी मानेवर काटा आला.

मालकांनी ते चित्रण पाहिलं, कपाळ पुसलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. ह्यांनी हात जोडून काकांचं खातं पुसून टाकलं.

पण चित्रणात शेवटी काय आलं, ते मालकांना उमगलं नाही. जाण्याआधी त्या खात्याने एक नवं खातं उघडलं होतं. माझ्या नावाने. सासरचं नाही, लग्नाआधीचंही नाही. तान्हेपणी आजीने ठेवलेलं, ह्यांनाही कधी न सांगितलेलं. ते नाव मी फक्त नवस बोलताना मनात घेते.

ह्यांनी ते कितीदा पुसलं. परत येतं.

आता ती खोली तुझ्या नवऱ्याच्या ताब्यात आहे. काल जेवताना तो सहज म्हणाला, "आई, एक विचित्र नावाचं जुनं खातं आहे. हल्ली कुणीतरी वापरतंय. मालक माझ्याकडेच बघतात."

म्हणून सांगते, तूही काहीतरी बोल देवाला. सगळं नीट होईल, माझा नवस ऐकला गेलाच ना... कुणी ऐकला, ते मात्र मला विचारू नकोस. आणि बोलताना स्वतःचं नाव मनातसुद्धा आणू नकोस, बाळा.